अलॉय व्हील समोरून नाही, उलटं करून बघा : दोन सेट वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

दुसरा सेट बसवून आता दीड वर्ष झालं, गाडी त्यावर बावीस हजार किलोमीटरच्या आसपास चालली, म्हणून आता लिहायला बसलोय. नवीन व्हील बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात लिहिलेल्या रिव्ह्यूला काही अर्थ नसतो असं माझं ठाम मत आहे, कारण तेव्हा आपण व्हील फक्त बघत असतो, ते वापरून झालेलं नसतं.

आधी निकाल सांगून टाकतो. आत्ताचा सेट १६ इंची, १६ × ६.५ जे (व्यास आणि रुंदी, दोन्ही इंचांत), ईटी ४२, पीसीडी ४ × १००, फ्लो फॉर्म्ड (या शब्दांचे अर्थ पुढे येतील), एका व्हीलचं वजन घरच्या वजनकाट्यावर ६.९ किलो भरलं. टायर १९५/५५ आर १६. पाचपैकी चार देतो. त्याआधीचा १७ इंची सेट सात महिन्यांत काढून टाकला, त्याला एक द्यायलाही हात धजत नाही. दोन्ही कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाहीये. पहिल्याचं लिहून उपयोग नाही कारण तसला माल दहा वेगवेगळ्या नावांनी मिळतो, आणि दुसऱ्याचं लिहिलं तर लोक नाव बघून तेच घेतील आणि त्यांच्या गाडीला ते नीट बसेलच असं नाही. खरी माहिती व्हीलच्या मागच्या बाजूला कोरलेली असते, ती कशी वाचायची हे मला पैसे गेल्यावर कळलं, तुम्हाला आधी कळावं एवढ्यासाठीच हे लांबण.

गाडी साधी हॅचबॅक. कंपनीतून आलेली लोखंडी चाकं, १५ × ६ जे, ईटी ४५, टायर १८५/६५ आर १५. त्या लोखंडी रिमची मला लाज वाटायची, खरं सांगतो. मग फोटो बघत बसायचं, या गाडीला हे कसं दिसेल, त्याला ते कसं दिसेल, आणि शेवटी काळ्या रंगाचं, कडेला चकचकीत कट असलेलं १७ इंची डिझाईन आवडलं. दुकानदाराला विचारलं बसेल का, तो म्हणाला आरामात बसतं, सगळ्या गाड्यांना बसतं. हे वाक्य ऐकल्यावर तिथून निघायला हवं होतं. सगळ्या गाड्यांना बसणारं व्हील म्हणजे कुठल्याच गाडीसाठी नीट न बनवलेलं व्हील.

त्या व्हीलला आठ भोकं होती. चार ४ × १०० ची आणि चार ४ × १०८ ची, म्हणजे एकच साचा, गिऱ्हाईक कुठलंही आलं तरी माल खपतो. पीसीडी म्हणजे नटांच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, पहिला आकडा भोकांची संख्या आणि दुसरा मिलिमीटरमध्ये व्यास. ४ × १०० आणि ४ × १०८ मध्ये आठ मिलिमीटरचा फरक असतो त्यामुळे तिथे चूक होत नाही, पण ५ × ११२ आणि ५ × ११४.३ हे जवळजवळ सारखे दिसतात आणि काही लोक ताणून बसवतातही, ते अजिबात करू नका, नट तिरके बसतात आणि बोल्टवर कायम ताण राहतो. (११४.३ हा विचित्र आकडा कुठून आला असं मला वाटायचं, तर ते बरोबर साडेचार इंच आहेत.) फोक्सवॅगन, ऑडी, मर्सिडीजच्या बऱ्याच गाड्यांना ५ × ११२ आणि जपानी, कोरियन गाड्यांपैकी खूप जणींना ५ × ११४.३ असतं, त्यामुळे एका गाडीचा सेट दुसरीला लावायच्या फंदात लोक इथेच फसतात.

तर तो १७ चा सेट होता १७ × ७.५ जे, ईटी ३५. तेव्हा मला ईटी म्हणजे काय माहीत नव्हतं. हा जर्मन शब्दाचा शॉर्टफॉर्म आहे, आपण ऑफसेट म्हणतो तेच. व्हीलच्या रुंदीचा बरोबर मध्य धरा, आणि व्हील हबला (चाक ज्यावर आवळतात त्या गाडीच्या फिरत्या भागाला) जिथे टेकतं ती जागा त्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे तो आकडा म्हणजे ईटी. आकडा जितका कमी तितकं चाक बाहेर येतं. आता गणित बघा, हे पाचवीतल्या मुलालाही जमेल पण दुकानात कोणी करत नाही. ६ इंचावरून ७.५ इंच, म्हणजे रुंदी दीड इंच वाढली, ३८ मिलिमीटर, ती दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी वाटली तर १९ आणि १९. त्यात ईटी ४५ वरून ३५, म्हणजे चाक आणखी १० मिलिमीटर बाहेर सरकलं. बाहेरची कड झाली २९ मिलिमीटर बाहेर, आतली कड ९ मिलिमीटर आत. बाहेर जवळजवळ तीन सेंटिमीटर! मागे तीन माणसं बसली आणि गतिरोधकावरून गाडी उतरली की मडगार्डच्या आतून खर्रकन आवाज यायचा, पहिल्यांदा वाटलं काहीतरी अडकलंय, उतरून बघितलं तर टायरच्या खांद्यावर गोल रेघ पडलेली. त्यात दुकानदाराने टायर दिले होते २०५/५० आर १७, त्यांची एकूण उंची ६३७ मिलिमीटरच्या आसपास भरते आणि मूळ टायरची ६२१ ते ६२२, म्हणजे टायर अडीच टक्के मोठा. मीटरवर १०० दिसायचे तेव्हा गाडी आधीपेक्षा अडीच टक्के जास्त वेगात असायची, आणि किलोमीटर मात्र कमी मोजले जायचे. तीन टक्क्यांपर्यंत चालतं असं सगळे म्हणतात, पण तेवढ्याच फरकाने माझा टायर मडगार्डला लागत होता, त्यामुळे आकडा नियमात बसला म्हणजे चाक जागेत बसलंच असं धरून चालू नका.

हीच आकडेमोड तुम्ही पण करा, सोपी आहे. टायरची रुंदी गुणिले मधली टक्केवारी, म्हणजे १८५ चे ६५ टक्के १२०, ही एका बाजूच्या भिंतीची उंची, दुप्पट करा आणि त्यात रिमचा व्यास इंचाला २५.४ ने गुणून मिळवा. १९५/५५ आर १६ चं करून बघितलं तर ६२०.९ येतं, मूळच्या ६२१.५ शी अर्ध्या मिलिमीटरचा फरक. म्हणून दुसऱ्या वेळी हाच साईज घेतला.

पण घासण्यापेक्षा मोठा वैताग दुसराच होता. ८५ ते ९५ च्या वेगात स्टिअरिंग थरथरायचं. ८० ला शांत, १०० च्या पुढे परत बऱ्यापैकी शांत, मध्ये मात्र हाताला मुंग्या येतील एवढी थरथर. तीन वेळा बॅलन्सिंग केलं, दोन वेगवेगळ्या ठिकाणी केलं, अलाइनमेंट केलं, एकाने सांगितलं टायरचा दोष आहे, एकाने सांगितलं सस्पेन्शन बघावं लागेल. शेवटी एका वयस्कर टायरवाल्या काकांनी चाक खोललं, हबकडे बघितलं, व्हीलच्या मधल्या भोकात चार बोटं घालून फिरवली आणि मला बोलावलं. "हे बघा दादा, चाक हवेत लटकतंय तुमचं. मधली रिंग कुठाय?" मला रिंग म्हणजे काय तेच माहीत नव्हतं.

हबच्या मधोमध एक गोल उंचवटा असतो, व्हीलचं मधलं भोक त्यावर घट्ट बसायला हवं, त्या भोकाला सेंटर बोर म्हणतात. माझ्या गाडीचा हब ५४.१ मिलिमीटरचा आणि त्या व्हीलचं भोक ७३.१ चं. सगळीकडून साडेनऊ मिलिमीटर मोकळं! गाडी न बनवणाऱ्या, नुसती व्हील विकणाऱ्या बाहेरच्या कंपन्या भोक मुद्दाम मोठं ठेवतात म्हणजे अनेक गाड्यांना चालतं, आणि मधली पोकळी भरायला रिंग द्यायची असते, तिला हब सेंट्रिक रिंग म्हणतात. ती नसेल तर चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यावर येतं, आणि जॅकवर गाडी उचललेली असताना चाकाच्या वजनाने ते केसभर खाली बसूनच आवळलं जातं. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक मधल्या भोकाच्या आधाराने अगदी बरोबर मध्यावर फिरतं, म्हणून तिथे सगळं शून्य शून्य दाखवायचं आणि गाडीवर लावलं की परत थरथर. तीन वेळा बॅलन्सिंगचे पैसे दिले आणि दोष बॅलन्सिंगचा नव्हताच.

काकांनी त्यांच्याकडच्या प्लास्टिकच्या रिंगा बसवून दिल्या, चाळीस किलोमीटर चालवून बघितलं, थरथर गेली. त्या एका गोष्टीने मी आकड्यांच्या मागे लागलो. प्रत्येक गाडीचा हब वेगळा असतो हो, फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्यांचा ५७.१, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांचा ६०.१, होंडाच्या ५ × ११४.३ वाल्यांचा ६४.१. तुमच्या गाडीचा शोधून काढा आणि व्हर्नियरने मोजून खात्री करा. रिंग ॲल्युमिनियमची घेतली तर बरं, प्लास्टिकची सुद्धा चालते कारण एकदा नट आवळले की भार हब आणि व्हील यांच्या चिकटलेल्या सपाट तोंडांवर असतो, रिंगचं काम फक्त मध्य साधायचं. पण जास्त ब्रेक मारून गरम होणाऱ्या गाडीत प्लास्टिक मऊ पडतं, चाक काढताना तुटतं, आणि मग तुटलेलीच परत बसवतात.

त्या काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली ती बघून खरंच पोटात गोळा आला. जुने लोखंडी रिमचेच नट वापरले होते आणि नवीन व्हीलचं अंग जाड, त्यामुळे नट बोल्टवर जेमतेम पाच आटे धरत होता. बोल्ट १२ मिलिमीटर जाडीचा, १.५ च्या आट्यांचा, म्हणजे एका फेऱ्याला दीड मिलिमीटर, पाच फेऱ्यांत साडेसात. निदान बोल्टच्या जाडीएवढा तरी नट आत जायला हवा, म्हणजे बारा मिलिमीटर, आठ फेरे. तोवर घरच्या लोकांना घेऊन त्या पाच आट्यांवर फिरत होतो. म्हणून हात जोडून सांगतो, व्हील बसवून झाल्यावर एक नट सैल करून हाताने फेरे मोजा, पाच मिनिटांचं काम आहे. जिथे आटा १.२५ चा असतो, सुझुकी, निसानमध्ये तो दिसतो, तिथे दहा फेरे धरा. आणि १.२५ चा बोल्ट आणि १.५ चा नट हे एक-दोन फेरे हाताने जातात आणि मग अडकतात, तिथे जर एखाद्याने हवेची गन लावली तर आटे संपले. नट पहिल्यांदा हातानेच लावायला सांगा, गन नंतर.

नटाची बसायची जागा पण बघायची असते. बाहेरच्या बहुतेक व्हीलला शंकूसारखा ६० अंशांचा नट लागतो, होंडाच्या मूळ व्हीलला मात्र गोलाकार बुडाचा नट येतो. गोल बुडाचा नट शंकूच्या खड्ड्यात बसवला तर तो बारीक कडेवर टेकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि थोड्या दिवसांत सैल होतो. ज्यांच्या गाडीला नटाऐवजी बोल्ट येतात त्यांनी बोल्टची लांबी पण मोजायची, आखूड झाला तर पकड नाही, लांब झाला तर मागे कशाला तरी लागतो.

आता पहिला सेट निघाला कसा ते. रिंगा घातल्यावर थरथर गेली होती, घासणं सहन करत होतो, वाटलं चालवू वर्षभर. एका रात्री पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही. दणका मोठा होता पण टायर फुटला नाही, बाहेरून व्हीलला ओरखडा नाही, बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून त्या चाकातली हवा रोज चार-पाच पाउंड उतरायला लागली. पंक्चर काढायला दिलं, पंक्चर सापडेना, वॉल्व्ह बदलला, तरी तेच. मग चाक काढून उलटं ठेवून साबणाचं पाणी ओतलं तेव्हा आतल्या कडेपासून निघालेल्या एका केसाएवढ्या रेघेतून बुडबुडे आले. तडा. खड्ड्याचा मार बऱ्याचदा आतल्या कडेला बसतो, बाहेरच्या बाजूला स्पोकचा आधार असतो आणि आतली बाजू नुसता पातळ पिंप. बाहेरून बघून व्हील धड आहे असं म्हणताच येत नाही. एकाने वेल्डिंग करून देतो सांगितलं, मी नको म्हटलं. ही ॲल्युमिनियमची मिश्रधातू ओतल्यावर भट्टीत तापवून, पाण्यात थंड करून, परत तापवून कडक केलेली असते, वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेचा तो कडकपणाच जातो आणि शेजारून नवीन तडा निघतो. कड थोडी वाकली असेल तर सरळ करून घेणं एक वेळ ठीक, तडा गेलेलं व्हील भंगारातच द्यावं, आणि देताना त्यावर मोठा काप मारून द्यावं म्हणजे रंगवून कोणाच्या तरी गळ्यात पडणार नाही.

ते व्हील वजनकाट्यावर ठेवलं तर १०.६ किलो. माझी लोखंडी रिम ८ किलोच्या आत होती. म्हणजे हलकं म्हणून ॲलॉय घेतलं आणि प्रत्येक चाकाला अडीच किलो वाढवले, टायरचं वजन वेगळंच. अलॉय म्हटलं की हलकं असा सगळ्यांचा समज आहे, तो जुन्या मॅग व्हीलच्या काळातला, तेव्हा रेसिंगची व्हील खरंच मॅग्नेशियमची असायची, म्हणून अजून आपण सगळ्यांनाच मॅग व्हील म्हणतो. आता जे मिळतं ते जवळजवळ सगळं ॲल्युमिनियम, आणि स्वस्तात बनवायचं असेल तर ताकदीसाठी नुसती जाडी वाढवतात.

इथे बनवायची पद्धत कळायला पाहिजे. सगळ्यात साधी पद्धत म्हणजे वितळलेली धातू साच्यात वरून ओतायची, आपोआप खाली बसते, मध्ये बारीक पोकळ्या राहू शकतात. त्याच्यापुढे कमी दाबाची ओतीव पद्धत, खालून दाबाने धातू साच्यात चढवतात, माल जास्त घट्ट, गाडी कंपन्यांची बरीच अलॉय अशीच बनतात आणि ती चांगली असतात. तिसरी फ्लो फॉर्मिंग, यात आधी ओतून जाडसर व्हील बनवतात, मग ते तापवून फिरवत ठेवतात आणि रोलर दाबून त्याचा पिंप लांब आणि पातळ ओढतात, कुंभार चाकावर मडक्याची भिंत ओढतो तसं. दाबल्यामुळे तिथल्या धातूचे कण लांब आणि घट्ट होतात, म्हणून भिंत पातळ ठेवूनही टिकते. एनकेई ही जपानी व्हील कंपनी याच पद्धतीला मॅट म्हणते. आणि चौथी फोर्ज्ड, अखंड ठोकळा हजारो टनांच्या प्रेसखाली दाबून मग मशीनवर कोरायचा. रेज या जपानी कंपनीचं टीई३७ हे १९९६ चं फोर्ज्ड व्हील, त्याच्या नावातले ३७ म्हणजे १५ इंचीचं ३.७ किलो वजन. तीन किलो सातशे ग्रॅम! माझ्या पहिल्या व्हीलमध्ये तसली जवळजवळ तीन झाली असती. फक्त एक लक्षात ठेवा, काही विक्रेते फ्लो फॉर्म्डलाच रोटरी फोर्ज्ड म्हणून विकतात, त्यातलं फोर्ज्ड ऐकून फोर्ज्डची किंमत देऊ नका. ते चांगलंच असतं, पण त्याचा स्पोकचा भाग ओतीवच असतो.

वजनाचा एवढा बाऊ का, तर चाकाचं वजन सीटवरच्या पिशवीसारखं नसतं. ते स्प्रिंगच्या खाली असतं, प्रत्येक खड्ड्यात सस्पेन्शनला तेवढं वजन उचलून परत आपटायचं असतं, आणि ते फिरवावं पण लागतं, कडेकडे असलेलं वजन पिकअप घेताना जवळजवळ दुपटीने जाणवतं. १७ च्या सेटवर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सुस्त झाली होती आणि मी उगाच क्लच तपासून घेतला.

मग दुसरा सेट शोधायला चार महिने घेतले. तोवर लोखंडी चाकं परत चढवली, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यावर गाडी इतकी शांत चालली की वाटलं घ्यावंच का दुसरं. दुकानात गेलो की आधी व्हील उलटं करायचो. मागे साईज, ईटी, पीसीडी कोरलेलं असतं, बनवल्याची तारीख असते, आणि किती भार पेलतं ते किलोमध्ये असतं. भार बघायला विसरू नका. गाडीच्या प्लेटवर किंवा पुस्तकात पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचा जास्तीत जास्त भार दिलेला असतो, मोठा आकडा घ्या, निम्मा करा, व्हीलवरचा आकडा त्याच्यापेक्षा वर पाहिजे. माझं ४६० येत होतं, व्हीलवर ५६० होतं. पहिल्या सेटवर भाराचा आकडा नव्हताच, आणि ते मी तेव्हा बघितलंही नव्हतं. हेच टायरचं, माझ्या मूळ टायरवर ८८ होतं म्हणजे ५६० किलो, नवीन १९५/५५ वर ८७ म्हणजे ५४५, एक पायरी कमी झाली पण माझ्या ४६० च्या बरीच वर आहे म्हणून घेतला.

शिक्के बघा. जेडब्ल्यूएल हा जपानचा, व्हील वळणाच्या ताणाच्या, भाराखाली फिरवण्याच्या आणि आघाताच्या चाचणीत टिकलं असं कंपनी स्वतः जाहीर करते तेव्हा तो येतो. त्याच्या शेजारी व्हीआयए असेल तर बाहेरच्या संस्थेकडे चाचणी होऊन नोंदणी झालेली असते, म्हणून दोन्ही असलेलं बरं. जर्मनीत टीयूव्ही या तपासणी संस्थेचा दाखला चालतो. पण साच्यात तीन अक्षरं कोरणं अवघड नाही, नुसत्या शिक्क्यावर विसंबू नका, कंपनीच्या यादीत तेच मॉडेल, तोच साईज आणि तेच वजन आहे का ते ताडून बघा. मी वजनकाटा बरोबर घेऊन गेलो होतो. दोन दुकानदारांनी कौतुकाने बघितलं, एकाने व्हील काट्यावर ठेवूच दिलं नाही, तिथून निघालो.

आत्ताच्या सेटचं गणित, ६ वरून ६.५ रुंदी आणि ४५ वरून ४२ ईटी, म्हणजे बाहेर ९ मिलिमीटर आणि आत ३ पेक्षा जरा जास्त. मडगार्डच्या रेषेत बरोबर दिसतं, पूर्ण भरलेल्या गाडीत पण आजवर एकदाही घासलं नाही, स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी आत कशाला लागत नाही. ईटी फार कमी करू नका असं मी सगळ्यांना सांगतो, चाक बाहेर काढलं की बेअरिंगवरचा भार वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. स्पेसर (हब आणि चाकाच्या मध्ये घालायची चकती) लावून बाहेर काढणं तर त्याहून वाईट, नटाचे आटे परत कमी होतात. ब्रेकचं कॅलिपर आणि स्पोकमधलं अंतर पण एक चाक बसवून, हाताने फिरवून बघायचं, व्यास मोठा आहे म्हणजे जागा आहे असं नसतं, स्पोक आतल्या बाजूला फुगलेला असला की अडतो.

बसवताना मी तिथे उभा राहिलो. हबचं तोंड तारेच्या ब्रशने घासून गंज काढला, कारण गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला तर चाक वाकडं टेकतं आणि नट पण पुढे सैल होतात. रिंगा बसवल्या, नवीन नट हाताने फिरवले, समोरासमोरचे आळीपाळीने आवळले, शेवटचं टॉर्क पान्याने, पुस्तकात दिलेल्या आकड्याला, माझ्या गाडीचा ११० न्यूटन मीटर, तुमचा वेगळा असेल. वजनं आतल्या बाजूने चिकटवायची लावली, ठोकायची नाहीत. १०० किलोमीटरनंतर परत टॉर्क तपासला, दोन नट थोडे फिरले. हे नवीन व्हीलला होतंच, रंग आणि तोंडं बसतात, म्हणून ही दुसरी तपासणी चुकवू नका.

चालवायला कसं आहे? लोखंडीपेक्षा किंचित कडक, टायरची भिंत १२० वरून १०७ मिलिमीटर झाली ते बारीक खड्ड्यांत कळतं. वळणात मात्र गाडी जास्त भरवशाची वाटते, टायर कलत नाही. पिकअप मूळचा परत आला. हवा दीड वर्षात एकदाही अशी उतरली नाही. दोन वाईट खड्डे खाल्ले, त्यानंतर दोन्ही वेळा चाकं काढून आतून बघितली, मशीनवर फिरवली, कड गोल आहे.

एक गुण का कापला ते पण सांगतो. पुढचं तोंड डायमंड कट आहे, म्हणजे रंग लावल्यावर मशीनने धातूचा थर सोलून वर पारदर्शक लॅकर मारतात. दिसायला सुंदर, पण लॅकरला एक खडा लागला की तिथून ओल आत शिरते आणि खाली पांढऱ्या बारीक किड्यांसारख्या रेघा पसरत जातात. एका व्हीलला आठव्या महिन्यातच सुरू झालं. परत घेतलं तर साधं पावडर कोटिंगवालं घेईन. स्पोकच्या मागे ब्रेकची काळी पूड साठते, तिथे हात पोचत नाही, आणि तेजाब असलेलं क्लीनर लॅकर खातं म्हणून साध्या शॅम्पूने बारीक ब्रशने दर आठवड्याला घासत बसावं लागतं. नटाची भोकं अरुंद आहेत, गाडीबरोबर आलेला पाना आत जातच नाही, पातळ भिंतीचा सॉकेट वेगळा घेऊन डिकीत ठेवलाय. हे पंक्चर झाल्यावर रस्त्यात कळलं असतं तर काय झालं असतं विचार करा. स्टेपनी जुनीच १५ ची लोखंडी, उंची जुळते, माझे नवीन नट तिलाही बसतात हे घरी लावून बघितलं. ज्यांचे नट वेगळे पडतात त्यांनी जुन्या नटांचा एक सेट स्टेपनीजवळच बांधून ठेवा.

आणि आता मनातलं सांगतो. सौंदर्य सोडून नुसतं चालवण्याचा विचार केला तर १६ ची गरज नव्हती. मूळच्या १५ मध्येच हलकं फ्लो फॉर्म्ड घेतलं असतं, जुनाच जाड भिंतीचा टायर ठेवला असता, तर खड्ड्यात मऊ, पिकअपला हलकं आणि टायरला स्वस्त, तिन्ही साधलं असतं. इंच वाढवण्याचा हट्ट आपल्या डोळ्यांचा असतो. मोठ्या आकाराची सवय झालेल्या डोळ्यांना १५ लहान वाटतं हे मान्य आहे, मलाही वाटतं, तरी माझ्या भावाच्या गाडीसाठी आता मी १५ च शोधतोय : १५ × ६.५ जे, ईटी ४० ते ४५, ४ × १००, साधा रंग, आणि वजन सहा किलोच्या आत. कोणाच्या बघण्यात असं व्हील आलं तर मला त्याचा मागच्या बाजूचा फोटो हवाय, समोरचा नसला तरी चालेल.